सन १९२७: जॅझची अमेरिका आणि आपला मुलूख



आजचा विषय संयोजकांनी मला दिला तो असा: "जॅझ युगातील अमेरिका, समाज, अर्थकारण आणि संस्कृती." पत्रिका वाचून गावातल्या एका मित्राने विचारलं, "सर, धाराशिवात बसून जॅझ काय सांगताय? आपल्याकडं संबळ आहे, हलगी आहे." मी म्हटलं, विषय संबळापासून फार लांबचा नाही, या ऐकायला. ते आले आहेत, समोरच बसलेत.

एका दशकाचा इतिहास तासाभरात सांगायचा म्हणजे नुसती यादी होते. म्हणून मी एकच वर्ष घेतो. सन १९२७. या वर्षी अमेरिकेत काय चाललं होतं आणि त्याच वर्षी आपल्या मुलखात काय चाललं होतं, एवढंच आज बघू. तत्त्वज्ञानाचा माणूस असल्यामुळे मधूनमधून एखादा प्रश्न विचारीन. त्याचं उत्तर लगेच द्यायला पाहिजे असं नाही.

आधी तिकडचं चित्र. पहिलं महायुद्ध १९१८ साली संपलं. युरोप मोडून पडला होता, अमेरिका मात्र जगाची सावकार होऊन बाहेर पडली. १९२० ची जनगणना झाली तेव्हा त्या देशाच्या इतिहासात पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त माणसं शहरात राहत असल्याचं दिसलं. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने देशभरातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, आणि त्याच वर्षी दारूबंदीही अमलात आली. दारूबंदी तेरा वर्षं टिकली आणि १९३३ मध्ये मागे घेतली गेली. मधल्या काळात चोरून दारू विकणाऱ्यांचं एक साम्राज्य उभं राहिलं. नोव्हेंबर १९२० मध्ये पिट्सबर्गला रेडिओ केंद्र सुरू झालं आणि काही वर्षांत घराघरात रेडिओ आला.

मोटारीचं सांगतो. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' गाडी १९०८ साली बाजारात आली तेव्हा किंमत होती ८५० डॉलर. कारखान्यात सरकता पट्टा आला. कामगार जागच्या जागी उभा राहायचा आणि गाडी त्याच्यासमोरून पुढे सरकायची. उत्पादन इतकं वाढलं की १९२० नंतरच्या काही वर्षांत तीच गाडी तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली. मे १९२७ मध्ये दीड कोटीवी 'मॉडेल टी' कारखान्यातून बाहेर पडली. आणि या मोटारी लोक रोख पैसे देऊन घेत नव्हते, बरं का. दशकाच्या शेवटी शेवटी साधारण दहातल्या सहा मोटारी हप्त्यावर घेतल्या जात होत्या. रेडिओचं प्रमाण त्याहून जास्त. "आधी वस्तू वापरा, पैसे नंतर द्या" ही आज आपल्या अंगवळणी पडलेली रीत मोठ्या प्रमाणावर रुजली ती त्या दशकात. कर्ज काढणं ही तोपर्यंत थोडी लाजेची गोष्ट होती. हप्त्याने ती लाज घालवली.

या सगळ्याला संगीत कुणाचं होतं? जॅझचं. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराने १९२२ साली आपल्या कथासंग्रहाच्या नावात 'जॅझ युग' हा शब्द घातला आणि तो त्या दशकाला चिकटला. पण जॅझ निर्माण केलं ते फिट्झजेराल्डच्या कथांमधल्या श्रीमंत गोऱ्या तरुणांनी नव्हे. ते आलं दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स शहरातून, ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते अशा काळ्या माणसांकडून. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांतला सगळ्यात मोठा. तो १९२२ साली न्यू ऑर्लिन्स सोडून शिकागोला गेला. तो एकटा नव्हता. १९१६ ते १९३० या काळात पंधरा-सोळा लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेली. कशासाठी? कारखान्यात काम होतं म्हणून, आणि दक्षिणेत जगणं अशक्य झालं होतं म्हणून. तिथे दुसऱ्याची जमीन वाट्याने करायची, बी-भरण मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचं, वर्षाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत. बाकी नेहमी कुळाच्याच अंगावर निघायची. हे वर्णन आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यात कापसाला बोंडअळीसारखाच एक किडा लागला. मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरलेला तो भुंगा १९२० पर्यंत जवळजवळ सगळ्या कापूसपट्ट्यात पसरला होता. आपण गुलाबी बोंडअळीचं २०१७ साल पाहिलं आहे. एका किड्याने किती घरं गावाबाहेर पडतात, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

आणि १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला महापूर आला. सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली, त्यांत काळे शेतमजूर फार मोठ्या संख्येने. काही ठिकाणी त्यांना मदत छावणीतून बाहेर जायला बंदी होती. बंदुकीच्या धाकाने त्यांच्याकडून बांधाचं काम करून घेतलं गेलं. जमीनमालकांना भीती ही होती की मजूर एकदा उत्तरेला गेला की परत येणार नाही. ज्या दशकाला आपण नाचगाण्याचं दशक म्हणतो, त्याच्या मधोमध हे घडलं आहे.

आता न्यूयॉर्कला चला. हार्लेम ही काळ्यांची वस्ती. तिथे एक क्लब होता, नाव 'कॉटन क्लब', म्हणजे कापसाचा क्लब. ४ डिसेंबर १९२७ रोजी ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तिथे रुजू झाला. एलिंग्टन हा विसाव्या शतकातल्या थोर संगीतकारांपैकी एक. क्लबमध्ये वादक काळे, गायक काळे, नाचणाऱ्या मुली सावळ्या. सजावट दक्षिणेतल्या गुलामांच्या मळ्याची. आणि प्रेक्षक? फक्त गोरे. वस्ती ज्यांची, संगीत ज्यांचं, त्यांना तिकीट काढूनही आत बसायची मुभा नव्हती.

दोन महिने आधी, ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला. बोलपटांचं युग खऱ्या अर्थाने त्याने सुरू केलं. नाव जॅझ गायकाचं, आणि पडद्यावर अल जोलसन हा गोरा नट तोंडाला काळं फासून गातो. कला घ्यायची, चेहराही उसना घ्यायचा, फक्त माणूस तेवढा बाहेर ठेवायचा.

माझ्या मित्राला मी म्हटलं ना, विषय संबळापासून लांब नाही. आपल्याकडे तमाशाचं काय होतं? महार, मांग, कोल्हाटी समाजातली माणसं वाजवणार, गाणार, नाचणार. रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले, पवळाबाईंच्या साथीने त्यांनी फड गाजवला, आणि त्यापायी स्वतःच्या जातीतून ते तुटले. लावणी ऐकायला पाटलापासून सावकारापर्यंत सगळे यायचे. पण रात्रभर जिच्या आवाजावर माना डोलवल्या, तिला सकाळी त्याच गावच्या पाणवठ्यावर घागर भरता येत नव्हती. कॉटन क्लब आपल्याकडे गावोगाव होता, फक्त त्याला छप्पर नव्हतं.

पाणवठ्याचं नाव निघालं म्हणून आता इकडचं १९२७ बघू. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच वर्षीच्या ८ जूनला काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना रीतसर पीएच.डी. पदवी दिली. प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता आणि तो पुस्तकरूपाने १९२५ साली निघाला होता. म्हणजे चवदार तळं आणि मनुस्मृतीदहन यांच्या मध्ये ही अमेरिकन पदवी येते.

बाबासाहेब कोलंबियात होते १९१३ ते १९१६. जॅझचं दशक अजून यायचं होतं, पण हार्लेम कोलंबियाला अगदी लागून आहे, आणि ते काळ्यांचं हार्लेम होत होतं ते नेमकं याच वर्षांत. तिथे त्यांना गुरू भेटले जॉन ड्यूई. ड्यूई हा माझ्या विषयातला माणूस, म्हणून दोन मिनिटं जास्त घेतो. ड्यूई म्हणायचे की लोकशाही म्हणजे नुसती सरकार निवडायची पद्धत नाही, ती एकत्र जगायची रीत आहे. एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. समाजात मध्ये भिंती असतील तर अनुभव पोचत नाही, आणि अनुभव पोचत नसेल तर मतपेटी असूनही लोकशाही नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरचं जे न झालेलं भाषण छापलं, त्यात ड्यूईंचं ऋण ते उघड मान्य करतात.

आणि योगायोग बघा, ड्यूईंचं या विषयावरचं महत्त्वाचं पुस्तक, 'द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स', तेही १९२७ चंच. त्यात ते अमेरिकेकडे बघून विचारतात, आगगाडी आली, तार आली, रेडिओ आला, माणसं यंत्रांनी एकमेकांना बांधली गेली. पण म्हणून त्यांचा एक समाज झाला का? त्यांचं उत्तर नकारार्थी आहे. यंत्र माणसांना जवळ आणतं, पण एकमेकांच्या सुखदुःखात भागीदार करत नाही. ते काम माणसांनाच करावं लागतं. आजच्या सगळ्या व्याख्यानाचा सांधा इथे आहे, म्हणून हे ध्यानात ठेवा.

आता यंत्रांचं इकडे काय झालं ते बघू. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. अमेरिकेच्या मागे सात वर्षं, म्हणजे फार मागे नाही. पण तिकडे कामगाराच्या घरात हप्त्यावर रेडिओ गेला, इकडे तो विकत घेणारे मूठभर निघाले. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारला केंद्र चालवायला घ्यावं लागलं. म्हणजे यंत्र तेच, पण ते घेणाऱ्याच्या हाताला काम आणि कामाला दाम नसेल तर यंत्रही टिकत नाही.

आपल्या भागाचं यंत्र म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रूळ. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला आली, १९११ साली येडशी, ढोकीवरून लातूरला पोचली आणि १९२७ साली तिकडे पंढरपूरच्या पुढे मिरजेला जाऊन मिळाली. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, ते वेगळं झालं १९८२ साली. या गाडीने काय नेलं? वारकरी नेले आणि कापूस, गळिताचं धान्य नेलं. तेरचा कापूस जगाच्या बाजारात जाणं काही नवीन नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' येतं, म्हणजे आपलं तेर, आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असल्याचं त्यात लिहिलेलं आहे. नवीन होता तो वेग आणि नवीन होती तार. आता न्यूयॉर्कचा भाव त्याच दिवशी मुंबईत कळू लागला. मुंबईच्या बाजारात कापसाचा दर हलायचा तो न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल बघून. पुढे पुढे तर न्यूयॉर्कला कापूस कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, त्या आकड्यांवर मुंबईत जुगार चालू लागला. त्यालाच 'आकडा' म्हणत, आणि पुढे त्याचाच 'मटका' झाला. ज्या टपरीवर आपल्याकडच्या शेतमजुराचा रोजगार गेला, त्या आकड्याचं मूळ अमेरिकेच्या कापूस बाजारात आहे.

हा भाव कुणाच्या हातात होता? अमेरिकन शेतकऱ्याच्या तरी होता का? नव्हता. मित्रहो, जॅझ युगाचा सर्वात कमी सांगितला जाणारा भाग हाच आहे. १९२० च्या उन्हाळ्याच्या तोंडाला न्यूयॉर्कला कापूस पौंडाला चाळीस सेंटांच्या घरात होता. वर्ष संपता संपता तो पंधरा सेंटांच्या आसपास आला. गहू, मका, सगळं असंच कोसळलं. युद्धात भाव चढले म्हणून शेतकऱ्याने कर्ज काढून जमीन आणि यंत्र घेतलं होतं. भाव उतरले, कर्ज तसंच राहिलं. १९२९ ची मोठी मंदी यायच्या आधीच, १९२१ ते १९२९ या भरभराटीच्या वर्षांत, अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या आणि त्यांतल्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या होत्या. शहरात रोषणाई चालू होती तेव्हा शेतकऱ्याची मंदी सुरू होऊन आठ वर्षं झाली होती.

तिथल्या शेतकऱ्यांनी मागणी काय केली? ती ऐकली की तुम्हाला आजचं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटेल. मॅकनेरी आणि हॉगन या दोन प्रतिनिधींनी एक विधेयक आणलं. कल्पना अशी होती की युद्धाआधीच्या काळात शेतमालाचा भाव आणि शेतकऱ्याला विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंचा भाव यांचं जे प्रमाण होतं, ते टिकवायचं. त्यासाठी सरकारी मंडळाने जादा माल विकत घ्यायचा, तो परदेशात मिळेल त्या भावाने विकायचा आणि तोटा शेतकऱ्यांकडूनच थोडी थोडी पट्टी घेऊन भरून काढायचा. म्हणजे फुकट काही मागितलं नव्हतं. संसदेने विधेयक मंजूर केलं. फेब्रुवारी १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ते फेटाळलं. पुढच्या वर्षी पुन्हा मंजूर झालं, पुन्हा फेटाळलं. कारणं कोणती? सरकारने भाव ठरवणं योग्य नाही, उत्पादन वाढून बसेल, मूठभरांचा फायदा होईल. त्याच काळात कारखानदारांच्या मालाला आयात कराचं भक्कम संरक्षण मात्र होतं. तेव्हा बाजारात ढवळाढवळ होते असं कुणाला वाटलं नाही. हमीभावाचा वाद आपल्याकडे १९६५ पासून, कृषिमूल्य आयोग आला तेव्हापासून चालू आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक बाजू कूलिजच्या वॉशिंग्टनमध्ये मांडून झाली होती.

इकडे आपला शेतकरी त्या वेळी कुठे होता? हा जिल्हा निजामाच्या राज्यात. बाजार बार्शीचा, तिथे चालणार कलदार रुपया. घरात हाली शिक्का. दोन नाण्यांच्या बदलातही सावकार आणि दलाल कमावणार. शाळा उर्दूतून. सभा घ्यायची तर आधी परवानगी. सावकाराच्या वहीचं चित्र पाहायचं असेल तर बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' आठवा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२५ सालचा मूकपट, कथा नारायण हरी आपट्यांची. जमीन सावकाराकडे जाते आणि तरुण शेतकरी शहरात गिरणीत कामाला लागतो. तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. मिसिसिपीतून शिकागोला जाणारा काळा शेतमजूर आणि 'सावकारी पाश'मधला हा शेतकरी यांची एकमेकांना ओळख नाही. पण दोघांनाही घराबाहेर काढलं ते दुसऱ्याच्या हातातल्या वहीनेच. तसेच आपल्या भागातून किती तरी जण सोलापूरच्या, मुंबईच्या गिरण्यांत गेले. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिने संप चालला, त्या चाळींमध्ये मराठवाड्याचीही माणसं होती.

स्त्रियांकडे वळू. जॅझ युगाची स्त्री म्हटलं की केस आखूड कापलेली, गुडघ्यापर्यंत झगा घातलेली, सिगारेट ओढणारी तरुणी दाखवतात. ते चित्र खोटं नाही, पण ते वरवरचं आहे. खरी लढाई मूल कधी हवं आणि किती हवीत हे बाईने ठरवण्याची होती. मार्गारेट सँगरने १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा पोलिसांनी ते बंद पाडलं. आणि इकडे? महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे र. धों. कर्वे, यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक काढला. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. नोकरी गेली, खटले झाले, १९३४ साली अश्लीलतेच्या एका खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. तरी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालू होतं. लोक म्हणतात अशा गोष्टी पाश्चात्त्यांकडून आल्या. मुंबईच्या गिरगावात बसून एक मराठी गणिताचा प्राध्यापक अमेरिकेच्या बरोबरीने हे काम करत होता, मागून नव्हे.

आता एक माणूस सांगतो, ज्याचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही. सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा. अमेरिकेत गेले, १९१४ साली नागरिक झाले, कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. जॅझ युगाची दुसरी बाजू म्हणजे परक्याचा द्वेष. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांचे वकील पंडितच होते. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरच खटला भरला. त्यांनी युक्तिवाद काय केला? आपण गोरे आहोत की नाही हा वाद त्यांनी मुख्य केला नाही. ते म्हणाले, तुम्ही मला नागरिक केलं, त्या शब्दावर विसंबून मी वकिली केली, लग्न केलं, घर केलं. माझं नागरिकत्व काढाल तर तेव्हाच्या कायद्याने माझ्या अमेरिकन पत्नीचंही जाईल. राज्याने दिलेला शब्द राज्याला असा फिरवता येतो का? १९२६ साली अपील न्यायालयात ते जिंकले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. त्यानंतर इतर हिंदी माणसांवरचे असे खटले सरकारने सोडून दिले. एका माणसाने स्वतःची केस लढली आणि किती घरं वाचली.

आता इतकं सगळं ऐकून कुणी म्हणेल, सर, संगीत कुठं राहिलं? येतो. जॅझ आपल्याकडे आलं, पण वाजतगाजत आलं ते थोडं उशिरा. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा काळा वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. ते संगीत उचललं कुणी? गोव्याच्या पोरांनी. गोव्यात चर्चच्या शाळेत गावचे मेस्त्री मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. ती पोटापाण्यासाठी मुंबईत आलेली मुलं हॉटेलांच्या बँडमध्ये शिरली. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' झाले, लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे हीच मंडळी सिनेमाच्या संगीतात आली. आणि त्यांच्या वाद्यांना हिंदी गाण्यात मोकळं रान देणारा संगीतकार कोण, तर पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. १९५१ चा 'अलबेला' बघा. नायक भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. वाजवणारे गोव्याचे, चाल नगर जिल्ह्यातल्या माणसाची, ठेका न्यू ऑर्लिन्सचा. गणपतीच्या मिरवणुकीत ज्या गाण्यांवर आपली पोरं अजून नाचतात, त्यांत मिसिसिपीच्या काठचा अंश आहे. नाचणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि नसलं तरी बिघडत नाही. पण इथे आपण विचार करायला जमलो आहोत, म्हणून सांगितलं.

शेवटाकडे येतो. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. हप्त्यावर घेतलेल्या मोटारी, उसन्या पैशावर घेतलेले शेअर, सगळं एकदम अंगावर आलं. १९३३ पर्यंत दर चार कामगारांपैकी साधारण एक बेकार होता. ज्या कापसाने १९२० साली चाळीस सेंट पाहिले, तो १९३१ साली सहा सेंटांपर्यंत खाली आला. त्या धक्क्याने आपल्या कापसाचा भावही पडला, सोनं मोडून सारा भरला गेला. आणि मग रूझवेल्टच्या सरकारने १९३३ साली शेतमालाच्या भावात सरकारने हात घालायचा कायदा केला. कूलिजने दोनदा फेटाळलेली गोष्ट वेगळ्या रूपात करावीच लागली, फक्त मधल्या सहा वर्षांत जे शेतकरी मोडले ते मोडले.

आपल्या जिल्ह्यात त्या दशकाने काय ठेवलं? मोटारी नाहीत, रेडिओ नाही. एक शाळा ठेवली. लोहारा तालुक्यातलं हिप्परगा. १९२१ साली असहकाराच्या लाटेत तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. दशकाच्या अखेरीस व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे आले. ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलेला हा माणूस १९३२ साली संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्याने केलं. त्या शाळेकडे यंत्र कुठलंच नव्हतं. पण ड्यूई ज्याला समाज म्हणतात, तो अशा ठिकाणी तयार होत होता. एकाचा अनुभव दुसऱ्याला कळत होता, वेगवेगळ्या घरची मुलं एकत्र बसत होती आणि प्रश्न विचारत होती.

म्हणून माझा प्रश्न असा आहे, आणि तो आजच्या तरुणांसाठी आहे, कारण आज मोबाईल आहे, ट्रॅक्टर हप्त्यावर आहे, गाणं एका बोटावर आहे. आपलंही एक जॅझ युगच चालू आहे म्हणा. अशा काळाचा हिशेब करताना नुसती किती मोटारी विकल्या हे मोजू नका. तीन गोष्टी विचारा. ज्याचं गाणं आपण ऐकतो, त्याला आपल्या शेजारी बसायला जागा आहे का? ज्याचा माल आपण खातो, त्याचा भाव ठरवताना त्याला कुणी विचारतं का? आणि राज्याने एकदा दिलेला शब्द दुबळ्या माणसालाही न्यायालयात दाखवता येतो का? या तिन्ही प्रश्नांवर १९२७ ची अमेरिका कमी पडली. त्याच वर्षी महाडच्या तळ्यावर मात्र आपल्या माणसांनी पहिल्या प्रश्नाला हात घातला होता. दुसरा अजून आपल्या बाजार समितीच्या आवारात पडून आहे. तिसऱ्याचं उत्तर रोज द्यावं लागतं.

वेळ झाली.  प्रश्न असतील तर विचारा, मी इथेच आहे.